टॉवेलाखालची चकती

(उमरोळी. रविवारची दुपार. घराच्या ओटीवर सुलूचे बाबा कर्ण्याच्या वायरीचा गुंता सोडवत बसलेत. आई विड्याची पानं निवडते आहे.)

सुलू : बाबा, तुम्ही साहेबाचे चुगलखोर आहात का?

बाबा : वायरीवरचा पाय काढ आदी.

सुलू : काढला. आता सांगा.

आई : सुलू, कुनाशी बोलतेस? भाषणात बक्षीस काय मिळालं, हिला घर पन स्टेजच वाटाय लागलं.

सुलू : आई, प्रश्न माझा नाहीये. म्हणजे विचारतेय मीच, पण पैज लागलीय. काल शाळेतून येताना चंद्रकांता म्हणाली, हिंमत असेल तर घरी जाऊन बापाला तोंडावर विचार. दुसरी मैत्रीण लाडकी म्हणाली, ही कसली विचारते, ही फक्त टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर बोलते. मग मी काय गप्प बसणार होते?

बाबा : विचारलंस ना? जिंकलीस. जा, मागल्या दारी जाऊन वायरीचं टोक धर.

सुलू : जिंकले कुठे? उद्या त्या विचारतील, मग काय म्हणाले तुझे बाबा? मी काय सांगू, वायर धर म्हणाले?

आई : सांग, माजा बाप कर्णेवाला हाय म्हनून. उमरोळीपासून केळव्यापर्यंत एक लगीन ह्यांच्या कर्ण्याबिगर लागलं नाय.

सुलू : गोजराबाईंच्या मुलाचं लागणार आहे.

आई : काय म्हनतेस?

सुलू : त्यांनी बोईसरहून कर्ण्याची सेट सांगितलीय. कृष्णकांताची नको, म्हणाल्या, मांडवात बायका काय बोलतील ते पण साहेबाला जाऊन सांगेल. चंद्रकांताने मला हे सगळ्या वर्गासमोर सांगितलं.

आई : अहो, हे खरं? मग सकाळपासनं ह्या वायरी कुनासाटी सोडवताय?

बाबा : पडून रायल्या तर उंदीर खातात.

आई : म्हनजे खरं. तरीच. परवा मी पान्यावर गेले तर बायका बोलता बोलता गप्प. मला वाटलं, माज्या लुगड्याला काय लागलंय का काय. दोनदा मागं वळून बघितलं मी. आनि तुमी मला एका शब्दानं बोलला नाय.

बाबा : बोलन्यासारखं काय हाय त्यात? लोकांना दुसरं काम नाय.

सुलू : लोकांचं सोडा. चंद्रकांताच्या बाबांना, शिवाजीकाकांना, पंपाच्या शिक्षणातून काढलं की नाही? आता ते उन्हात खडी भरतात. चंद्रकांताची आई चार दिवस कोणाशी बोलत नाही. शिवाजीकाका घरी सांगतात, माझ्या पोटावर कृष्णकांताने पाय दिला. त्याने नाही, त्याच्या त्या मशीनने.

आई : ते मशीन करतं तरी काय, ते एकदा मला कळू द्या. कुनी विचारलं तर मी नुसती तोंड बघत उभी रायते.

बाबा : टेपरेकॉर्डर. दोन चकत्या असतात, एकीवरची पट्टी दुसरीवर जाते. आपन बोललो ते धरून ठेवते, मागनं ऐकवते. शेडात जी मानसं पंप चालवायला शिकतात, त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाय. त्यांना कागूद देऊन काय उपेग? मग शिकवनाऱ्या देवस्थळी साहेबांनी हे काढलं नि चालवायला मला घेतलं. ज्यानं त्यानं आपलं काम आपल्या बोलीत तोंडानं सांगायचं. आदी चावी खोलतो, मग दाब बघतो, मग बटन. ते धरून ठेवायचं आनि त्याचं त्यालाच ऐकवायचं. चुकलं कुटं ते साहेबानं सांगावं लागत नाय.

सुलू : बुधाकाका पहिल्या दिवशी म्हणाले ना, हा माझा आवाज नाही, पेटीत बसून कोणीतरी माझी नक्कल करतोय?

बाबा : सगळे पोट धरून हसले. आनि दुसऱ्या दिवशी तोच बुधा ऐकता ऐकता उटला. म्हनाला, मी दाब बघायचा विसरलो, मला परत बोलू द्या. डोंगरावरचा मानूस, शाळेचं तोंड बघितलं नाय त्यानं. माज्या डोळ्यांदेखत शिकला. त्या पेटीला तुमी चुगली म्हनता.

सुलू : पेटीला नाही म्हणत, बाबा. पेटीजवळ उभं राहणाऱ्याला म्हणतात. मंगळवारी चहाच्या वेळी शिवाजीकाकांनी देवस्थळी साहेबांची नक्कल केली. ते कसे पोट पुढे काढून चालतात ती. फोरमनला पण काहीतरी बोलले, ते चंद्रकांताने मला सांगितलं नाही, फार वाईट आहे म्हणाली. बुधवारी दुपारी फोरमन येऊन सांगतो, शिवाजी, कल से इधर नहीं, खडी पे जाना. मंगळवारी साहेब शेडात नव्हते, फोरमन नव्हता. कोण होतं? शिकणारी माणसं, आणि तुम्ही.

बाबा : जिव्या पन व्हता.

सुलू : जिव्याकाका मुरब्याहून येतात, त्यांना संध्याकाळी परत जायची घाई असते. सुटल्यावर साहेबांना भेटायला ते थांबलेच नाहीत. शिवाय ते शिवाजीकाकांचे साडू.

आई : ही पोरगी वकील व्हनार.

सुलू : आणि शुक्रवारी साहेबांनी तुम्हाला हापिसात बोलावून कपबशीतून चहा दिला. बाकीच्यांना शेडात काचेचे ग्लास. खिडकीतून सगळ्यांनी बघितलं.

आई : कपबशी? हे मला ठाऊक नाय.

बाबा : ग्लास कमी पडला असेल.

आई : कमी पडला म्हनून साहेब आपल्या कपातनं देतो? माज्याकडं बघून बोला. मी तुमच्या बाजूनं भांडायला बसलेय आनि तुमीच मला एकेक गोष्ट मागनं सांगताय.

बाबा : माजी सेट ठेवलीय बघ कोपऱ्यात. तिच्यावर हात ठेवून सांगतो, शिवाजीबद्दल मी साहेबाजवळ एक अक्षर काडलं नाय. चांगलं नाय, वाईट नाय.

सुलू : मला पटतं.

बाबा : मग झालं तर.

सुलू : नाही झालं. तुम्ही बोलला नाहीत, पण साहेबांना कळलं. मग मशीन बोललं.

बाबा : मशीन चहाच्या टायमाला बंद असतं.

सुलू : कोण बंद करतं?

बाबा : मीच. दुसऱ्या कुनाला हात लावू देत नाय मी.

सुलू : कसं बंद करता?

बाबा : कसं म्हनजे? आवाजाचं बटन पार उलटं फिरवायचं, वर टॉवेल टाकायचा. धूळ असते शेडात.

सुलू : टॉवेल टाकता हे पण लोक म्हणतात. झाकून ठेवतो म्हणजे काहीतरी लपवतो.

बाबा : लोक काय पन म्हनतात. मी कर्ण्याच्या सेटवर पन टाकतो टॉवेल. वीस वर्सं टाकतो.

सुलू : बाबा.

बाबा : काय?

सुलू : लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की तुम्ही सेट बंद करता का?

बाबा : येडी का काय तू? बंद केली तर परत तापायला किती वेळ लागतो. अक्षता पडल्यावर वाजंत्री वाजली पायजे, का मानसं माज्या तोंडाकडं बघत बसतील? आवाज उतरवायचा, तांदूळ आत जाऊ नयेत म्हनून टॉवेल टाकायचा. तूच धरतेस की टॉवेल.

सुलू : मीच धरते. आत सेट चालू असते आणि वरून वाटतं बंद आहे. तबकडी पण फिरत असते. एकदा मी विचारलं होतं तर तुम्ही म्हणालात, फिरू दे, तिला कोणी ऐकत नाही.

बाबा : मग?

सुलू : मग त्या टेपरेकॉर्डरचं बंद करायचं बटण आवाजाच्या बटणाहून वेगळं असतं का?

बाबा : पानं सुकाय लागली बघ. आईला जरा पानी आनून दे.

आई : पानी मी मारीन. तुमी उत्तर द्या.

बाबा : वेगळं असतं.

सुलू : आणि मंगळवारी ते दाबलंत?

बाबा : आवाजाचं बटन फिरवलं की पेटीतनं आवाज यायचा थांबतो. मला वाटलं, थांबली. टॉवेल टाकला. खाली चकती फिरतच व्हती. बुधवारी साहेबांनी टेप लावली तवा मी त्यांच्या शेजारीच उभा. बुधाचं बोलनं संपलं, मला वाटलं, आता पुढं कोरी. तर पयला ग्लासांचा आवाज आला. मग कुनीतरी भुरका मारला. मग शिवाजी बोलाय लागला.

आई : अगो बाय.

बाबा : पुढं जे जे बोलले ते सगळं. सोबत शिकनाऱ्या मंगळ्याची थट्टा, साहेबाची नक्कल, फोरमनच्या सात पिढ्या.

आई : मग चूक झाली म्हनून सगळ्यांना त्याच दिवशी सांगायचं नाय का? हातनं झालं, मनात नव्हतं. कोन खानार व्हतं तुमाला?

बाबा : काय सांगू? कर्णेवाल्याला बटन कळलं नाय म्हनून? मला त्या शेडात घेतलं कशासाटी? साहेबांनी विचारलं, इथं मशीनचं कुनाला कळतं, तर शिवाजीनंच माजं नाव घेतलं. म्हनाला, कृष्णकांताला कळत नाय अशी पेटी अजून जन्माला यायचीय. आता त्याच्यासमोर जाऊन म्हनू, बाबा, जन्माला आली? चुगलखोर म्हनतात ना, म्हनू देत. चुगलखोराला मानूस घाबरून तरी असतो. ज्याला बटन कळत नाय त्याची सेट कोन नेईल?

सुलू : आताही कोणी नेत नाहीये, बाबा.

आई : सुलू.

बाबा : राहू दे. खरं तेच बोलतेय.

आई : पन मला एक सांगा. एवढ्याशा नकलेवरनं साहेबानं मानसाला खडीवर धाडलं? इतका खुनशी हाय तो?

बाबा : नाय. नकलेला साहेब हसले. मला म्हनाले, मी खरंच असा चालतो का? फोरमनच्या शिव्यांना पन हसले.

सुलू : मग काढलं कशासाठी?

बाबा : ते माजं सांगायचं नाय. शिवाजीचं हाय ते.

सुलू : शिवाजीकाकांना वाटतंय नक्कल केली म्हणून काढलं. तुम्हाला माहितीय दुसरंच काहीतरी आहे. साहेबांना पण माहितीय. ज्याचं आहे त्यालाच तेवढं ठाऊक नाही. आणि शिव्या आम्ही खातोय.

आई : आता अर्धं सांगून ठेवू नका. मला रातभर झोप येनार नाय. माज्या तोंडातनं कदी कुनाच्या घरचं बाहेर गेलंय?

बाबा : आंगनात कोन नाय ना? बघ जरा, सुलू.

सुलू : कोणी नाही. कोंबड्या आहेत.

बाबा : शिकवायच्या फळीवर दोन दिवे हायत. वर लाल, खाली हिरवा. लाल पेटला का पंप थांबवायचा, हिरवा पेटला का चालू द्यायचा. शिवाजी एकदा पन चुकला नाय. साहेब त्याला सगळ्यात हुशार म्हनायचे. आनि मंगळवारी चहा पिता पिता तो हसत हसत बुधाला सांगतो, मला काय लाल नि काय हिरवा, दोन्ही सारकेच दिसतात. वरचा पेटला का थांबवायचं, एवढं ध्यानात ठेवलंय.

सुलू : रंग दिसतच नाहीत त्यांना?

बाबा : लहानपनापासनं. कुनाला बोलला नाय. आनि खऱ्या पंपघरात दिवे खालीवर नायत, शेजारी शेजारी हायत. शिकून तिथं गेला असता आनि एक दिवस उलटं दाबलं असतं, तर खाली पाइपापाशी जो मानूस काम करतो त्याचं काय? साहेबांनी टेप थांबवली, मागं नेऊन तेवढंच परत ऐकलं. मग म्हनाले, ह्याला पंपावर ठेवता येत नाय. ते चुकीचं बोलले असं मला काय म्हनता येईना.

आई : चंद्रकांताचं दोन वर्सांनी बघाय लागतील. बापाच्या डोळ्यांत दोष हाय असं गावात झालं तर पोरीच्या डोळ्यांत पन लोक शोधतील.

बाबा : म्हनून तर गप्प बसलो.

सुलू : थोडं म्हणून, बाबा. थोडं बटणासाठी.

बाबा : असेल थोडं.

सुलू : पण साहेबांनी शिवाजीकाकांना एकट्याला बोलावून का नाही सांगितलं? तुमच्या डोळ्यांमुळे जमणार नाही, दुसरं काम देतो, एवढं तर सांगता आलं असतं. ते इतके चांगले शिकले होते.

बाबा : सांगितलं असतं तर तो विचारनार, तुमाला कसं कळलं? मग मशीन चालू व्हतं ते सगळ्यांना कळनार.

सुलू : कळू दे की. चुकून चालू राहिलं होतं.

बाबा : साहेबाला नाय तसं वाटत.

आई : म्हनजे?

बाबा : कपबशी ती तवाची. मला खुर्चीवर बसवलं. म्हनाले, कृष्णकांत, हे तुमाला बरं सुचलं. मानसं माज्यासमोर सगळं समजलं, समजलं म्हनतात, आनि न समजलेलं चहाला बोलतात. मला ते चहाचंच ऐकायचंय. सोमवारपासनं रोज तसंच चालू ठेवा. टॉवेल पन तसाच राहू द्या.

सुलू : आणि तुम्ही हो म्हणालात?

बाबा : नाय असं म्हनालो नाय.

सुलू : चुकून राहिलं हे पण सांगितलं नाही?

बाबा : खुर्चीवर बसवलं व्हतं गं. त्यांना वाटलं, मला सुचलं.

आई : कौतुकाला भुलनारी ही बक्षिसाची पोर बापावरच गेलीय म्हनायची.

बाबा : शेडात कायमचं ठेवतो म्हनालेत. कर्ण्याचा धंदा लगीनसराईपुरता. बाकी आठ महिने मी वायरीच सोडवत बसतो ना?

आई : कायमचं असं म्हनाले? कागदावर?

बाबा : तोंडानं. पन मानूस शब्दाचा हाय.

आई : सुलू, हे बघ. उद्या तुजं पुढचं शिक्षण, पालघरला जायचं यायचं. बायका गप्प बसतात तर बसू देत. चार दिवस बसतील, मग त्यांनाच करमनार नाय. साहेब कुनाचं वाईट तर करत नाय. न समजलेलं ऐकतो, मग नीट समजावतो. यात वाईट काय?

सुलू : मग टॉवेल कशाला? काढू दे टॉवेल. सांगू दे सगळ्यांना, चहाला पण मशीन चालू आहे, काही कळलं नसेल तर बोला.

बाबा : मग कोन बोलेल?

सुलू : बुधाकाका बोलले की. त्यांना माहीत होतं चकती फिरतेय, तरी उठून म्हणाले, मी चुकलो, परत बोलतो. तुम्हीच आत्ता सांगितलंत आणि सांगताना केवढे खूश होतात. टॉवेलाखाली ऐकून बुधाकाका शिकले नसते. त्यांनाही खडी मिळाली असती, आणि का मिळाली ते कळलंही नसतं.

बाबा : तुला सोपं वाटतं.

सुलू : नाही वाटत. मी सकाळपासून विचार करतेय, तुम्ही हो म्हणालात तर मी काय करायचं. वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल, मी जाऊन चंद्रकांताला खडसावीन, झालं. आता कळतंय, मंगळवारी तुम्ही चुगलखोर नव्हता. पण उद्या चहाच्या वेळी व्हाल. फक्त आजच्या दिवसापुरते नाही आहात.

आई : केवढं बोलतेस गो.

बाबा : बोलू दे तिला.

सुलू : आई, बाबा, मी आता चंद्रकांताकडे जाणार आहे. शिवाजीकाका आज घरी असतात. मंगळवारी मशीन कसं चालू राहिलं ते मी त्यांना सांगणार, आणि उद्यापासून टॉवेलाखाली काय असणार आहे ते पण. नोकरी गेली तर पालघरची शाळा मी वर्षभर थांबवेन, पण हे सांगितल्याशिवाय मी त्या वर्गात बसणार नाही.

आई : आनि डोळ्यांचं?

सुलू : त्याचं माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. ते कोणीतरी शिवाजीकाकांना बाजूला घेऊन, हळू सांगायला हवं. त्यांच्या वयाच्या माणसाने. मी चपला घालते, बाबा. बटणाचं मी सांगेन, पण मला ते तुमच्याइतकं नीट सांगता येणार नाही.